आधी तारीख, मग होकार: शिबिरं, हजेरी आणि मित्र सांभाळून कॉलेजचं सत्र कसं काढायचं

"ताई, हजेरी ६८ टक्क्यांवर आलीय. शिबिराचं प्रमाणपत्र लावलं तर चालेल का?"

परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली की इंदूरच्या ओळखीतल्या पोरापोरींकडून हा मेसेज ठरलेला. कधी चालतं, कधी नाही. पण तोवर बराच उशीर झालेला असतो, कारण कामं उलट्या क्रमानं झालेली असतात: आधी उत्साहात होकार, मग तिकीट, मग धावपळीत अर्ज, आणि सगळ्यात शेवटी कॉलेजचं वेळापत्रक उघडून "अरे बापरे". एन.एस.एस. (राष्ट्रीय सेवा योजना), एन.सी.सी. (राष्ट्रीय छात्र सेना), युवा संसद, युवा महोत्सव किंवा एखाद्या संस्थेचं नेतृत्व शिबिर, सगळीकडे घोळ हाच. म्हणून सुलटा क्रम इथे लिहून देते.

लागणारं सामान: एक जाड वही, भिंतीवरचं कॅलेंडर (घरात कालनिर्णय असो की लाला रामस्वरूप), कॉलेजचं वेळापत्रक आणि सत्राच्या पहिल्या आठवड्यातला एक तास. मोबाइलचं कॅलेंडर नंतर वापरा. पहिली मांडणी कागदावरच हवी, सहा महिने एका नजरेत दिसतात.

## १. कॅलेंडरवर आधी जे हलत नाही ते

पहिल्यांदा लाल पेनानं कॉलेजचं: अंतर्गत चाचण्या, प्रॅक्टिकलची फाइल द्यायची तारीख, परीक्षेचे आठवडे. नेमकी तारीख आली नसेल तर मागच्या वर्षीचा आठवडा बघून पेन्सिलनं खूण करा.

मग घरचं. हे आपल्याकडची मुलं हमखास विसरतात. गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दिवाळी, संक्रांत. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी तुम्ही भोपाळला शिबिरात असाल तर आई काही बोलणार नाही, पण पुढच्या शिबिराच्या पालक संमतीपत्रावर सही करताना पेन थोडं थांबेल.

मग युवा कार्यक्रमांच्या पक्क्या तारखा. या दर वर्षी त्याच असतात, तरी आदल्या आठवड्यात सगळ्यांना नव्यानं कळतात: १५ ऑगस्ट, २४ सप्टेंबर (एन.एस.एस. दिन), २ ऑक्टोबर, ३१ ऑक्टोबर (एकता दिवस), २६ नोव्हेंबर (संविधान दिन), १२ जानेवारी (राष्ट्रीय युवा दिन), २५ जानेवारी (मतदार दिन), २६ जानेवारी. एन.एस.एस.मध्ये असाल तर वर्षाला १२० तासांची सेवा आणि सात दिवसांचं विशेष शिबिर हेही धरा. ते सात दिवस कुठल्या महिन्यात येणार हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आजच विचारा.

शेवटी शहराचं. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (रोषणाईच्या चित्ररथांची मिरवणूक) आणि रंगपंचमीला गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक). या दोन दिवसांत राजवाड्याच्या आसपास ना गाडी जाते ना माणूस वेळेवर पोचतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे, म्हणजे एन.एस.एस. दिनाच्या दुसऱ्याच दिवशी. २४ ला दिवसभर रक्तदान शिबिर, २५ ला रात्रभर झांक्या आणि २६ ला सकाळी बैठक असं कुणी ठरवलं तर त्या बैठकीला कोण येणार ते आत्ताच सांगते: कोणी नाही.

तपासा: लाल खुणा आणि युवा कार्यक्रम एकाच आठवड्यात कुठे येतात? तिथे वर्तुळ करा. त्या आठवड्यात नवं काहीही घ्यायचं नाही.

## २. हजेरीचं गणित, विषयवार

"७५ टक्के हवी म्हणजे २५ टक्के आपली" असा हिशेब सगळे करतात. तो थिअरीला ठीक आहे, घात प्रॅक्टिकलमध्ये होतो.

आकडे घेऊन बघू. एका विषयाचे सत्रात ६० तास होतात असं धरा. ७५ टक्के म्हणजे ४५. चुकवायला मिळाले १५. रोज त्या विषयाचा एक तास असेल तर तीन दिवसांच्या शिबिरात फक्त तीन जातात. म्हणजे अशी पाच शिबिरं करता येतील असं वाटतं.

आता प्रॅक्टिकल. आठवड्यातून एकदा, पंधरा आठवड्यांत पंधरा वेळा. त्याचे ७५ टक्के म्हणजे सव्वाअकरा, म्हणजे बाराला हजर राहायलाच हवं. चुकवायला मिळाली फक्त तीन. बहुतेक शिबिरं गुरुवार ते शनिवार किंवा शुक्रवार ते रविवार असतात. तुमची प्रॅक्टिकल शुक्रवारी असेल तर प्रत्येक शिबिरात एक जाणार. तीन शिबिरं झाली की खातं रिकामं, आणि डेंग्यूचा ताप अजून यायचाच आहे.

म्हणून वहीत प्रत्येक विषयाचं वेगळं पान करा. वर तीन ओळी: एकूण तास, चुकवता येणारे तास आणि त्याचा निम्मा. तो निम्मा भाग आजारपण, घरचं लग्न आणि पावसात बंद पडलेली स्कूटी यांच्यासाठी राखीव. शिबिरांसाठी उरलेला निम्माच वापरायचा. प्रॅक्टिकलला तीनचा निम्मा दीड होतो, तिथे एकच धरा.

दर रविवारी संध्याकाळी पाच मिनिटं देऊन आकडे भरा. पोर्टलवरचा आकडा पंधरा दिवस मागे असू शकतो, स्वतःची नोंद ठेवा.

सावध: 'ऑन ड्यूटी' (कॉलेजच्या परवानगीनं बाहेर असल्याची नोंद) मिळालं म्हणजे हजेरी लागलीच असं समजू नका. काही ठिकाणी ते थिअरीला धरतात, प्रॅक्टिकल वेगळ्या बॅचबरोबर भरून काढावी लागते. आपल्या विभागात काय चालतं हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारा. तेव्हा सरांना वेळ असतो आणि तुम्ही अडचणीत नसता.

## ३. होकार देण्याआधी तीन प्रश्न

निमंत्रण आलं की लगेच "येतो" लिहू नका. एक रात्र जाऊ द्या आणि विचारा:

प्रवासखर्च कोण देणार, आणि आधी की नंतर? नंतर असेल तर मूळ तिकीट, बँक पासबुकची झेरॉक्स आणि सहसा दोन-तीन महिन्यांची चिकाटी लागते.

शेवटचं सत्र किती वाजता संपतं? प्रमाणपत्रं बहुधा समारोपालाच देतात. दुपारची गाडी पकडणारा प्रमाणपत्राविना परततो आणि पुढे महिनाभर ईमेल करत बसतो.

तिथे मी काय करणार आहे? नुसतं बसून भाषणं ऐकायची असतील तर सत्रात असं एकच शिबिर पुरे. गटचर्चा, गावपाहणी, नकली संसद, म्हणजे जिथे तोंड उघडावं लागतं, तिथे जा. एकाच फोटोसाठी पाच ठिकाणी जाणारे आमच्या बॅचला बरेच होते. त्यांच्या फाइली जाड झाल्या, मंचावर माइक हातात दिला की मात्र "आदरणीय मंच..." च्या पुढे गाडी जात नसे.

## ४. अर्ज: जाण्याआधी, लेखी, शिक्क्यासह

सर्वात जास्त चुका इथेच होतात.

क्रम असा: वर्गशिक्षक, मग विभागप्रमुख, मग प्राचार्य. एन.एस.एस.कडून जात असाल तर त्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यांची शिफारस. थेट प्राचार्यांकडे गेलात तर काम होतही असेल, पण विभागप्रमुखांना शेवटी कळलं तर त्याचे पडसाद वायव्हाला उमटतात.

अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. त्यात कार्यक्रमाचं नाव, ठिकाण, निघण्याची आणि परतण्याची तारीख (प्रवासाचे दिवस धरून), बुडणाऱ्या तासांची विषयवार यादी आणि "प्रॅक्टिकल अमुक बॅचबरोबर अमुक तारखेला भरून काढीन" हे वाक्य. हे शेवटचं वाक्य फार कमी जण लिहितात, आणि सही त्यावरच होते. सोबत निमंत्रणपत्र जोडा.

दोन प्रती काढा. एक आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन ती वहीत चिकटवा. निघण्याच्या किमान सात दिवस आधी हे सगळं व्हायला हवं.

दुसऱ्या वर्षी मी हे केलं नव्हतं. कॉरिडॉरमध्ये सरांना विचारलं, ते चालता चालता म्हणाले, "हां हां, चली जाओ." परतले तेव्हा सरांची बदली झालेली होती. नवीन मॅडमना ती "हां हां" कुठून दाखवणार? दोन प्रॅक्टिकल गेल्या त्या गेल्याच.

तपासा: हातात तीन कागद आहेत? शिक्क्याची प्रत, निमंत्रणपत्र, पालकांचं संमतीपत्र. तिन्ही असल्याशिवाय तिकिटाकडे वळू नका.

## ५. तिकीट आणि बॅग

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. शिबिराचं पत्र तर बहुधा पंधरा दिवस आधी येतं, तेव्हा दिल्लीला जाणाऱ्या मालवा एक्सप्रेसला किंवा मुंबईच्या अवंतिकेला जागा मिळणं नशिबावर. तत्काळ गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडतं: एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधार जोडून पडताळलेलं हवं. ते काम आदल्या रात्री नाही, आजच करून ठेवा. आणि ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. "चढू, टीसीला बघून घेऊ" हा बेत करू नका, विशेषतः पाच जणांचा गट असेल तर.

परतीचं तिकीट जातानाच काढा. परतल्यावर सकाळचा तास गाठायचा असेल तर गाडी पहाटे पोचणारी हवी, आणि दोन तास उशीर धरूनच.

बॅगेत काय घालायचं हे आई सांगेलच. माझी भर एवढीच: आधारची आणि कॉलेज ओळखपत्राची दोन-दोन झेरॉक्स, चार पासपोर्ट फोटो, कुलूप आणि शेवेचं एक पाकीट. शेवेच्या पाकिटाभोवती जितक्या ओळखी होतात तितक्या परिचय सत्रात होत नाहीत.

## ६. परतल्यावरचे ४८ तास

शिबिरात काय करायचं ते तिथे सांगतातच. खरी परीक्षा घरी आल्यावर होते, कारण तेव्हा फक्त झोपावंसं वाटतं.

पहिल्या दिवशी: तिकिटं, पावत्या आणि प्रमाणपत्राचा फोटो काढून एका फोल्डरमध्ये. प्रवासखर्चाचा फॉर्म त्याच दिवशी पाठवा. वर्गातल्या एकाच मैत्रिणीकडून नोट्स घ्या. चौघींकडून घेतल्या तर चारही तशाच पडून राहतात.

दुसऱ्या दिवशी: हजर राहिल्याचं पत्र विभागात द्या, त्यावर आपला जुना आवक क्रमांक लिहा. रजिस्टरमध्ये 'ऑन ड्यूटी' लागलं का ते डोळ्यांनी बघा. मग शिबिराचा एक पानी अहवाल: काय शिकवलं, कोण भेटलं, आपल्या कॉलेजात त्यातलं काय करता येईल. आठवड्यानं लिहायला बसाल तर "खूप छान अनुभव होता" याशिवाय काही आठवणार नाही.

## ७. स्वतः कार्यक्रम घ्यायचा असेल तर

दोन शिबिरं करून आलं की प्रत्येकाला वाटतं, आपणही एक घेऊ. घ्या. पण सत्रात एकच, आणि लाल खुणांपासून किमान तीन आठवडे लांब. साठ मुलांचं एका दिवसाचं युवा नेतृत्व शिबिर धरून सांगते.

माणसं. इंदुरात कुठल्याही कामाला एक उत्तर तयार असतं: "हो जाएगा, भिया." या उत्तरानंतर काम कोण करणार, कधी आणि कशानं, हे तीन प्रश्न विचारायचेच. कामाचे पाच भाग पाडा: जागा-परवानगी, वक्ते, नोंदणी, खाणं-पाणी, हिशेब. प्रत्येक भागाला एकच नाव. दोन नावं लिहिली की दोघं एकमेकांची वाट बघतात. सर्वांत जवळच्या मित्राला हिशेब देऊ नका. पैशावरून प्रश्न विचारायची वेळ आली तर मैत्रीत विचारता येत नाही.

क्रम. जागा आणि लेखी परवानगी आधी, मग वक्त्याची तारीख, मग पोस्टर. पोस्टर आधी छापणं ही सनातन चूक आहे. वक्त्याला बोलावताना विषय, वेळ, समोर कोण बसणार आणि न्यायला कोण येणार हे चार मुद्दे लिहून पाठवा. आदल्या संध्याकाळी फोन करा, मेसेज नको. लाउडस्पीकर लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच ठेवावा लागतो. सांस्कृतिक कार्यक्रम साडेनऊला आटपा.

वेळ. पत्रिकेवर ९ लिहिलंत तर मुलं पावणेदहाला येतील. ९ ला नाश्ता आणि ९:४५ ला पहिलं सत्र ठेवा. जेवणानंतर लगेच भाषण नको, तिथे गटकाम घाला. दुपारी अडीचला उपराष्ट्रपती आले तरी मागची ओळ झोपणारच.

खाणं. पोह्यांना माणशी ७०–८० ग्रॅम कोरडे पोहे धरा. साठ मुलं आणि दहा कार्यकर्ते मिळून साडेपाच किलो पुरतात. शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) वेगळं ठेवा, ज्याला जितकं हवं तितकं घेऊ दे. जिलबी माणशी दोनच सांगा, नाहीतर ती उरते आणि कार्यकर्तेच खात बसतात. पाणी माणशी दोन लिटर, म्हणजे वीस लिटरचे सात जार. उन्हाळ्यात दोन जास्त.

कचरा. या शहरात हा मुद्दा शेवटी ठेवता येत नाही. ताटं-पेले स्टीलचे भाड्यानं आणा, आणतानाच मोजा आणि संख्या पावतीवर लिहून घ्या. प्लास्टिकची प्लेट, चमचा, ग्लास यांवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, डब्याशेजारी पहिला अर्धा तास एक कार्यकर्ता उभा करा. मिसळलेला कचरा गाडीवाला घेत नाही, आणि रात्री आठला हातमोजे घालून केळ्याची सालं वेगळी करताना नेतृत्वाचा बराचसा उत्साह ओसरतो. हे मी केलेलं आहे.

पैसे. वर्गणी एकाच खात्यात, आणि त्या खात्यातून घरचा एक रुपयाही फिरवायचा नाही. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे, प्रत्येक खरेदीचं पक्कं बिल घ्या. एकूण अंदाजाच्या दहा टक्के रक्कम वेगळी ठेवा. ती ऐन वेळी बंद पडलेल्या माइकला लागते. तिसऱ्या दिवशी हिशेबाचं पान ग्रुपवर टाका, कोणी मागायच्या आत.

सावध: कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नवा ग्रुप काढू नका. "सूचना", "सूचना अंतिम" आणि "कोअर टीम" अशा तीन ग्रुपांत मिळून हॉलची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसतं.

## ८. जे मित्र शिबिरांत नाहीत

प्रत्येक गटात एक-दोन जण असे असतात ज्यांना मंच, माइक, बिल्ला यात काडीचा रस नसतो. ते नोट्स देतात, प्रॉक्सी लावायला नकार देतात (बरंच करतात) आणि स्टेशनवर सोडायला येतात. धावपळीत पहिली गच्छंती त्यांचीच होते.

यासाठी नियम साधा ठेवा. आठवड्यातली एक संध्याकाळ कॅलेंडरवर त्यांच्या नावे, परीक्षेइतकीच पक्की. भंवरकुआवरचा चहा चालेल, महिन्यातून एकदा रात्रीचा सराफा (रात्री भरणारा खाऊबाजार). हिवाळ्यात गराडू (तळलेला मसालेदार कंद), एरवी भुट्ट्याचा कीस. त्या दोन तासांत शिबिराचे फोटो दाखवायचे नाहीत आणि कार्यक्रमाचे फोन उचलायचे नाहीत. त्यांना फुकटचे कार्यकर्ते समजू नका. मदत हवी असेल तर नीट विचारा, आणि नाही म्हणाले तर पुढचा विषय काढा.

मोठ्या कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात मात्र ही भेट चुकवू नका. तेव्हा तुम्ही फार दमलेले आणि स्वतःवर जरा जास्तच खूश असता. माझी एक मैत्रीण अशा वेळी गराडूची प्लेट पुढे सरकवून एवढंच विचारायची, "भाषण झालं? आता बुधवारच्या प्रॅक्टिकलची फाइल कुठंय?"

ती फाइल बहुतेक वेळा तिच्याकडेच असायची, अर्धी लिहिलेली. उरलेली अर्धी मी सराफ्यातून परतल्यावर रात्री लिहायचे.